एकोणीस नळ्या

३ डिसेंबर २०२४, मंगळवार
आणि हेच लोक रस्त्यावर फुकट थुंकतात. कात्रज चौकापासून आमच्या वस्तीपर्यंत एक भिंत कोरी सोडलेली नाही. नळीत थुंका म्हटलं की मात्र तोंडाला कोरड. कौशल्या म्हणे, सासूला विचारून सांगते. पंचावन्न वर्षांची बाई, थुंकायचं तर सासूला विचारणार. एक जण म्हणाला, थुंकी नेऊन करणी करतात. मी म्हटलं, तुझ्यावर करणी करायला कोणाला वेळ आहे.
भरलेल्या नळ्या : २. पाहिजेत : ४०. मुदत ३१ तारीख. सोपं आहे.

४ डिसेंबर
पहिल्या पानावर लिहायचं राहिलं. मी नंदा ओव्हाळ. चौथी पास. पोळी-भाजी केंद्र माझं स्वतःचं. (बोर्डावर पोळी, कारण गिऱ्हाईक तसं म्हणतं. मी चपातीच म्हणते.) मुलगी निकिता जिनोमिक्समध्ये पीएचडी करते, पाचवं वर्ष. माणसाच्या थुंकीतून त्याच्या सात पिढ्यांचं वाचता येतं, असं ते शास्त्र. ही वही तिने दिली. म्हणाली, आई, यात फक्त नाव, तारीख, नळीचा नंबर लिही, दुसरं काही नको. म्हणून नावांची यादी वेगळ्या कागदावर करते. वही माझी. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं तर कुठेतरी बोलायला नको का.

१० डिसेंबर
नळ्या : ११.
नियम पाठ झाले. आधी अर्धा तास खायचं-प्यायचं नाही. तंबाखू नाही. एका घरातून एकच माणूस. आधी फॉर्मवर सही, मग थुंकी. रेघेपर्यंत भरायची, वरचा फेस धरायचा नाही. निकीने पहिली नळी स्वतःची भरली होती, मशीन शिकायला म्हणून. पोरगी कुठल्याही कामात आधी स्वतः हात घालते. माझ्यावर गेली.
हे सगळं साखरेसाठी आहे. आपल्या वस्तीत चाळिशीच्या आत साखर का होते, ते शोधायचं. निकीच्या पप्पांच्या किडन्या गेल्या तेव्हा वय चव्वेचाळीस. ते जाऊन नऊ वर्षं झाली. तो डॉक्टर त्यांच्याकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघून म्हणाला, घरात काय खायला घालत होता हो यांना? निकी तेव्हा बारावीत, शेजारी उभी. तिने तेव्हाच ठरवलं असणार.
तिचं पुस्तक छापून आलं की एक कॉपी त्या डॉक्टरच्या टेबलावर आपटणार. रक्तातलं होतं, चपातीतलं नव्हतं. एवढं त्यात लिहून आलं की बास.

१७ डिसेंबर
नळ्या : २१. गाडी अडली.
अठरा जणांनी सह्या केल्या आणि नळीच्या वेळेला पळाले. दोघं गावाला गेले. एकीला डोहाळे. तिघांनी नळी घरी नेली आणि पाणी भरून आणली, मला कळणार नाही असं वाटलं. कौशल्याची सासू नाही म्हणाली.
उद्यापासून सकाळी सहाला दारं वाजवायची, दात घासायच्या आत.

२२ डिसेंबर, रविवार, दुपारी
निकीचा फोन. तिच्या गाइड कल्याणी मॅडम म्हणाल्या, चाळीस झाले नाहीत तर आपल्या वस्तीचा सगळा गट गाळावा लागेल. म्हणजे अजून एक वर्ष. आणि फेलोशिप पुढच्या डिसेंबरला संपते. आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, होतील, मी मेले नाही अजून.
फोन ठेवला आणि एक नळी भरली. माझी. कौशल्याच्या नावावर. सही तिची, थुंकी माझी. सही महत्त्वाची. आयुष्यात जेवढी ऑफिसं बघितली तिथे सहीच बघतात. शिवाय कौशल्या आणि मी एकाच नळाचं पाणी तीस वर्षं पितोय, असा काय फरक असणार.
नळ्या : २२.

२५ डिसेंबर
अकरा झाल्या माझ्याच. थुंकी संपते हे मला माहीत नव्हतं. युक्ती सापडली. वाटीत चिंच घेऊन समोर ठेवायची. खायची नाही. अर्ध्या तासाचा नियम आहे, आणि मी नियम मोडत नाही. नुसतं बघायचं.

३० डिसेंबर
अठराही जणांचं काम झालं. फॉर्म एक उरला, कोरा. वस्तीत कोणी उरलं नाही.
त्यावर निकीच्या पप्पांचं नाव लिहिलं. रतन. कधी नाव घेतलं नाही तोंडाने, लिहिताना हात अडला. सही बँकेच्या पासबुकात बघून केली, दोनदा सराव करून. नळीत त्यांचं काही नाही, माहीत आहे मला. पण ज्या माणसासाठी हे सगळं चाललंय तो यादीत नको, हे कसं चालेल?
नळ्या : ४०. मुदतीच्या एक दिवस आधी.

२ जानेवारी २०२५
निकी खोका घेऊन गेली. जाताना मला मिठी मारली, दारात, सगळ्यांसमोर. म्हणाली, आई, थीसिसमध्ये तुझं नाव पहिलं टाकणार. तिच्या लॅबमधल्या सहा जणांच्या टीमला जे जमलं नाही ते मी महिन्यात केलं. शिक्षणाने सगळं होतं असं नाही.

१४ एप्रिल
जयंती जोरात झाली. विहाराच्या कमिटीतल्या प्रज्ञेशला सांगून टाकलं, पुढच्या जयंतीला निकीचा सत्कार लावायचा, वस्तीतली पहिली डॉक्टर. फ्लेक्स आत्ताच करून घे. तो म्हणाला, नंदामावशी, पदवी मिळाल्यावर करू की. मी म्हटलं, तुझ्या नगरसेवकाचे फ्लेक्स निवडणुकीच्या आधीच लागतात ना?
‘डॉ. निकिता रतन ओव्हाळ’. खाली कोपऱ्यात माझा फोटो, हात जोडून. आठ फूट बाय पाच. गुंडाळून कपाटामागे उभा केला आहे. फ्लेक्स नासत नाही.

१० ऑगस्ट, रविवार
निकी आली. जेवली नाही, बोंबील केले होते तरी.
म्हणाली, मशीनने चाळीस नळ्या वाचल्या. त्यातल्या एकोणीस एकाच माणसाच्या आहेत. बाईच्या. मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. ती म्हणाली, दोनदा लावलं. मी म्हटलं, तिसऱ्यांदा लावा.
मग माझ्याकडे बघत बसली. तिने विचारलं, वहीत लिहिलं होतंस ना सगळं, ती वही कुठे आहे? मी म्हटलं, रद्दीत गेली.
वही पिठाच्या डब्याखाली होती. रद्दीचा गठ्ठा शेजारीच असतो. अगदीच खोटं म्हणता येणार नाही.
बोंबील डब्यात भरून दिले. ओट्यावर विसरून गेली.

१२ ऑगस्ट
विचार केला. एकवीस नळ्या चांगल्या आहेत ना? मग त्यावर पुस्तक होऊ दे. लोकांना चाळीसच कशाला लागतात. वरणात मीठ जास्त झालं तर कोणी आख्खं पातेलं ओतून देत नाही.
निकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, पूर्ण पातेलंच ओतलं, आई. एकोणीस खोट्या निघाल्या तर बाकीच्या एकवीसवर विश्वास कोण ठेवणार.
शिकलेल्या लोकांचा जीव फार छोटा असतो.

२१ सप्टेंबर, रविवार
चौकशी लागली. मॅडमच्या कपाटातले फॉर्म काढले. नंबर चाळीसवर रतन ओव्हाळ. कोणीतरी चौकशी केली तर माणूस दहा वर्षांपूर्वी गेलेला, आणि निकिताचा बाप. आता चौकशी कमिटीचं म्हणणं, निकितानेच खोटे नमुने भरले, घाईत घरातलंच नाव टाकलं.
हे तिने फोनवर सांगितलं, बातम्या वाचतात तसं. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? म्हणाली, मला माहीत नाही एवढंच म्हणाले.
मी म्हटलं, बरोबर बोललीस. माहीत नाही म्हटलं की माणूस सुटतो.
कपाटामागचा फ्लेक्स पुसून घेतला. धूळ बसते.

१२ ऑक्टोबर, रविवार
तीन आठवडे फोन नाही. दोनदा मेसेज, ‘जेवले’. कामात असेल. कमिटीवाले मोठी माणसं आहेत, आज ना उद्या त्यांना कळेलच की ही पोरगी तसली नाही. तोंडावर दिसतं ना.
ठरवलं, पुढच्या सोमवारी जाऊन मॅडमना भेटायचं. फक्त ओळख म्हणून. वही न्यायची नाही.

२० ऑक्टोबर
आज सोमवार. नेमकी अडीचशे चपात्यांची ऑर्डर आली. जाणं जमलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
मीच गेले हॉस्टेलला, डबा घेऊन. खोलीत पुस्तकं खोक्यात भरलेली. तिने चहा केला. माझ्या कपात साखर घातली नाही, विचारलंही नाही.
मी चौकशीचं विचारलं. कमिटी बारा डिसेंबरला बसणार, म्हणाली. नाव काढून टाकतील बहुतेक. मी म्हटलं, कोण बाई आहे ती, शोधत का नाहीत? एवढं मोठं मशीन आहे ना.
तेव्हा ती बोलली. आवाज चढवला नाही.
“आई, त्या बाईचं अर्धं माझ्यात आहे. पहिली नळी माझी होती, आठवतं ना? ऑगस्टमध्येच जुळवून बघितलं मी. एकटीनेच.”
मी म्हटलं, मग मॅडमना सांगितलं का नाहीस?
“काय सांगू? चौथी पास बाईला नळ्या दिल्या, ही चूक माझीच आहे. आणि पप्पांची सही छान जमली आहे तुला.”
डबा परत दिला नाही तिने, एवढं बरं झालं. बसस्टॉपपर्यंत सोडायला आली. बस येईपर्यंत दोघी समोरच्या दुकानाचा बोर्ड वाचत उभ्या होतो. पूर्ण वाचून झाला, मग परत पहिल्यापासून वाचला.

१० नोव्हेंबर
ती चौथी पासचं बोलली ते रागात. मनात तसं नाही तिच्या.
आज कोणी कितीही ऑर्डर दिली तरी उद्या मॅडमकडे जाणारच.

११ नोव्हेंबर
सकाळपासून पाय दुखतो.

२८ नोव्हेंबर
निकीने हॉस्टेल सोडलं. खराडीत चार मुलींबरोबर खोली, कुठल्यातरी ऑफिसात फोन उचलायचं काम. म्हणे, तात्पुरतं. पाच वर्षं थुंकीतून सात पिढ्या वाचणारी पोरगी आता लोकांचं रिचार्ज का झालं नाही ते सांगते.
मी वाईट वाटून घेत नाही. वाईट वाटून घेतलं की चपाती वातड होते. आज तीन गिऱ्हाइकांनी वातड म्हणून सांगितलं, तो गव्हाचा दोष.

६ डिसेंबर २०२५, शनिवार
विहारात वंदनेला गेले. सगळे पांढऱ्यात, शांत. बाहेर आल्यावर प्रज्ञेशने विचारलं, मावशी, फ्लेक्सची तारीख टाकायची राहिली, निकिताताईंचं कधी नक्की? मी तोंड उघडलं. ‘मशीन बिघडलंय’ हे वाक्य तयार होतं. आलंच नाही. तोंड कोरडं पडलं.
वर्षापूर्वी चिंच बघून तरी आलं असतं काहीतरी.
घरी येऊन पिठाच्या डब्याखालून वही काढली आणि पहिल्यापासून वाचली. माझंच अक्षर आहे. बाई कोण आहे ही, एवढी शहाणी?

९ डिसेंबर, मंगळवार
कल्याणी मॅडम, हे पान तुमच्यासाठी. मागचीही वाचा, तुमच्याबद्दल वाईट काही नाही. उद्या केंद्र बंद ठेवून वही घेऊन येते आहे. निकिताला माहीत नाही. तिला माहीत असतं तर तिने येऊ दिलं नसतं.
नळी नंबर बावीस ते चाळीस, सगळ्या माझ्या. तारखा वर आहेत. शंका असेल तर नवीन नळी द्या, तिथेच तुमच्यासमोर भरते. चाळीस नंबरची सहीही माझीच आहे, पासबुक सोबत आणते. पोरीने काही केलेलं नाही. तिने ऑगस्टपासून सगळं माहीत असून आईचं नाव घेतलं नाही, एवढाच तिचा गुन्हा, आणि तो तुमच्या शास्त्रात बसत नसेल.
मी माफी मागत नाही. माफी मागितली की लोक म्हणतात, ठीक आहे, आणि फाइल बंद करतात. मला फाइल उघडी पाहिजे.
तुम्हाला एक विचारायचं होतं, साखर रक्तातली होती की माझ्या हातच्या चपातीतली. त्याच्यासाठीच एवढं केलं, आणि त्याचं उत्तर माझ्याच थुंकीने पुसून टाकलं. राहू द्या ते. नाही कळलं तरी चालेल आता.
एवढंच सांगा, निकिताला परत घेता की नाही. शुक्रवारी तुमची कमिटी बसते. शनिवार-रविवार सुट्टी असते, ते मी समजू शकते. सोमवारी, १५ डिसेंबरला, संध्याकाळी पाचपर्यंत मला उत्तर पाहिजे. हो किंवा नाही, कागदावर, सही करून.