पहिल्या उकळ्याचं पानी

मुक्काम भामरागडच्या वरचा जंगल-कॅम्प
पौष, सन १९५६

तीर्थरूप देवाजी भाऊजीले लटारूचा दंडवत. इंदुताईचा गुडघा आता वाकते का? तुमचा खोकला, म्हशीचं दूध, सारं बरं असन असं धरून चालतो, कारन मले सांगाची लई घाई हाये.

दसऱ्यापासून मी नागपूरच्या डाक्टरसाहेबाच्या हाताखाली हावो (हे तुमीच गावभर केलं). आता त्याइनं सोयाबीन नावाचा गोल पिवळा दाना आनला. तो चार लाकूडतोड्याइले रोज चाराचा, त्याइचं दिवसभराचं मूत्र बाटलीत धराचं, अन् थेंब कागदावर चढवून डाग पाहाचा. साहेब म्हने, दान्यातला अर्क साखरेशी बांधलेला राह्यते. आतड्यातले जंतू ते गाठ सोडते, रक्त अर्क उचलते, काळीज (साहेब यकृत म्हनते) त्याच्यावर शिक्का मारते, मंग तो मूत्रात बाहेर, अन् कागदावर डाग. म्हटलं, साहेब, हे त आपल्या सागवानाचं झालं. ओंडका तोडा, घनाचा शिक्का मारा, नाका पार. साहेबानं हे वहीत लिवून घेतलं (ताईले इतकं नक्की वाचून दाखवा).

पन आठ दिवस झाले, चौघाइच्या कागदावर डाग म्हनून नाई. साहेब म्हने, कॅम्प उठवतो. कॅम्प उठला का माही नोकरी गेली, अन् नोकरीसंगं कमळाशी जमलेली माही सोयरीक. त्यात नवल असं, का साहेबानं दाना तोंडात घातला नाई, फक्त ताडून पाहाले सोताच्या मूत्राची बाटली ठेवली, अन् त्याइच्याच कागदावर हा एवढा डाग. मुखरू लाकूडतोड्या म्हने, "साहेब चोरून खाते." साहेबाचं तोंड उतरलं. मंग मले इचारलं, "लटारू, तू शिजवतोस कसं?"

म्हटलं, लाखोरीच्या डाळीवानी, पहिल्या उकळ्याचं पानी काढून. (पहिला उकळा काढला नाई त पाय लुळे पडते, हे आईनं रट्टे देऊन शिकवलं. दाना दुसरा, पन हात आईचाच ना.)

"अन् ते पाणी?"

"साहेब, तुमीच सांगतलं का दाना निर्धोक हाये. फेकाले जीव नाई झाला. लसनाची फोडनी देऊन तुमाले रोज दोन वाट्या सार देऊन राह्यलो ना."

 साहेब हासता हासता पेटीवर बसले, अन् कॅम्प महिनाभर वाढवला. अर्क पान्यात किती उतरते, हेच आता पाहाचं म्हने. मलेबी एक बाटली भेटली, पाचवा नंबर.

तुमचा,
लटारू

ता.क. कमळाच्या बापाले तुमी सांगून बसले का मी कंपाउंडर हावो. वरचं वाचून समजलंच असन का मी सैपाकी हावो. मार्कंड्याच्या जत्रेआधी जाऊन खरं सांगा. गाठ तुमी बांधली, सोडाची बी तुमीच.

आखीन एक. कमळाले मी दिवाळीतच सांगतलं. ते म्हने, "मंग बरं झालं, मले रांधता येतच नाई." आता फक्त तिचा बाप राह्यला.