तो खेळ नव्हता

सुरत, १९ जानेवारी

प्रिय तुषार,

तुला आणि प्राजक्ताला आशीर्वाद, आईला नमस्कार. संक्रांतीला तुम्ही आलात, घर भरून गेलं. आईचा खोकला आता कसा आहे?

माझं बरं चाललंय. या वयात शिकून नवी नोकरी धरली म्हणून तू हसलास, पण वाचताना अडखळणारी शाळेतली मुलं माझ्या खोलीत येतात आणि परत वर्गात जायला रेंगाळतात.

एक गोष्ट तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. तुम्ही गच्चीवर पतंग उडवत होता, तेव्हा मी तुमच्या ऋचाला खाली बसवून शाळेतली वाचन तपासायची कार्डं दिली. खेळ आहे म्हणाले. आईवडिलांना विचारल्याशिवाय मुलाला तपासायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी सख्ख्या भावालाही विचारलं नाही.

शेवटी तिने विचारलं, "आत्या, मी पास झाले का?" मी हो म्हणाले. ते अजून टोचतंय.

प्राजक्ता म्हणते तशी ती आळशी नाही रे. तिला अक्षरं खरंच जड जातात, असं मला वाटतं. माझं चुकतही असेल. जळगावात कुणा जाणकाराला दाखवा. रागवायचं तर माझ्यावर रागव.

त्यानंतर तिने मला पतंगाला कन्नी बांधायला लावली. "आत्या, तू नापास," म्हणाली, आणि माझी बोटं धरून गाठ शिकवत बसली. माझी सारखी चुकत होती, पण तिने एकदाही घाई केली नाही. तिला वाचायला बसवाल तेव्हा तुम्हीही करू नका.

तुझ्या फोनची वाट पाहणारी,
सुषमाताई