आत कुणी हाय का?

९ नोव्हेंबर
आलो एकदाचे! वडवणीपासून जरा आत, वस्तीवर घर मिळालं. शांतता इतकी की नवऱ्याचं, परमेश्वरचं, घोरणंसुद्धा गोड वाटावं. वस्ती सगळी ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. उरल्यात त्या शेजारच्या भिवराबाई. त्यांनी आल्या आल्या चहा पाजला आणि माझा नवरा असा चाकाच्या खुर्चीत का, हेही विचारून घेतलं. लाइनमन होता, खांबावरून पडला. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणालेत, रोज कोमट पाण्यात छातीपर्यंत बसवा, नाहीतर पाय कायमचे आखडतील. आता एवढ्या बाप्याला बादलीत कसं बसवू?

पण मागच्या अंगणात फायबरची जुनी टाकी आहे! माझ्या छातीइतकी उंच, ऐसपैस, झाकणासकट. बुडाला तेवढं एक भोक. माझ्या वडिलांचा धंदाच बसचं फायबर दुरुस्त करायचा. असली भोकं मी शाळेत असताना बुजवलीत.

११ नोव्हेंबर
भोकाभोवती पॉलिश पेपरने घासून खरखरीत केलं, धूळ पुसली. रेझिनमध्ये हार्डनर टाकलं की भराभर हात चालवावा लागतो, नाहीतर डब्यातच दगड होतो. काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर दिले, ब्रशने दाबून हवा काढली, मग आतून सगळ्या टाकीला गुळगुळीत हात मारला. परमेश्वर खुर्चीतून मुकादमासारखा हुकूम सोडत होता. किती दिवसांनी हसला!

भिवराबाई मात्र बघून पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "ते भोक पडलेलं न्हाई बाई, आमी पाडलंय." दुष्काळात वस्ती कारखान्यावर गेलेली असताना त्यांची जाऊ छबुबाई तळाचं पाणी भरायला आत उतरली. घसरून पाय मोडला, उठता येईना, हाक ऐकायला कुणी नाही. टँकर आला, न बघता नळी सोडली, टाकी भरून निघून गेला. तेव्हापासून इथे कुठल्याही टाकीत पाणी सोडण्याआधी थाप मारून विचारतात, "आत कुणी हाय का?" आणि या टाकीत तर पाणी ठरूच देत नाहीत.

वाईट वाटलं. पण मेलेल्या बाईपायी जित्या माणसाचे पाय घालवू?

१४ नोव्हेंबर
थेंबभर गळत नाही! टँकर लावला, आठवड्याला एक खेप. टँकरवाला तानाजी इथलाच. टाकीवर थाप मारून विचारायला लागला तेव्हा परमेश्वरचा चेहरा उतरला. मी भडकले. सांगितलं, आम्ही दिसू न दिसू, यापुढे ही नाटकं नकोत, मुकाट झाकणाच्या तोंडातून नळी सोडायची. बिचारा मान हलवून गेला. मग बंब पेटवला. परमेश्वरला दोर बांधून कप्पीने अलगद आत सोडलं.

१६ नोव्हेंबर
त्याचा अंगठा हलला! मी रडले, तोही रडला. म्हणतो, पाण्यात कुणीतरी तळवे चोळतंय असं वाटतं. भिवराबाई मोतीबिंदूसाठी अंबाजोगाईला गेल्या. त्या असत्या तर पेढा दिला असता.

१८ नोव्हेंबर
पाण्यात पाय हलतात. बाहेर काढलं की लाकूड. आज पुसताना पोटऱ्यांवर बोटांचे वळ दिसले. बारीक बोटं, बाईची. पाणी गरम होतं तरी पाय बर्फ. तो सारखा परत आत सोड म्हणतो. सोडायला नको होतं मी. पण अंगठा हललाय ना त्याचा. मी काय करू?

२० नोव्हेंबर
बाहेर यायलाच तयार नाही. मी पाणी घातलं नाही, तरी त्याच्या गळ्याशी आलंय. बाहेरून छिन्नी लावली, माझंच ठिगळ, ओरखडासुद्धा उठत नाही. तानाजीचा फोन लागत नाही. कुणाचाच लागत नाही. कुलपं, नुसती कुलपं—

२१ नोव्हेंबर, सकाळ
कप्पी ओढली, दोर सैल आला. त्याचं डोकं पाण्याखाली. उडी मारली.

आत आहे. वही कमरेला खोचलेली होती, तशीच आली. बाहेरून टाकी माझ्या छातीइतकी. इथून काठाला हात पोचत नाही. भिंतीवर बोट टिकत नाही, मीच केलंय गुळगुळीत. झाकण पडलं. झाकणाच्या तोंडातून उजेड येतो तेवढाच.

एका हाताने परमेश्वरची हनुवटी वर धरलीय. तो हसतोय. पाय मारतोय.

माझेही धरले. थंड हात.

टँकर. टँकरचा आवाज. ओरडतेय, घशातून आवाजच निघत नाही. मीच म्हटलं होतं विचारू नको. तानाजी, विचार रे बाबा. चुकले मी, विचार—

नळी झाकणाच्या तोंडात आली.

थाप! थाप मारली! विचारतोय, आत कुणी हाय का! देवा, भला माणूस—

माझ्या मागून कुणीतरी. पाण्याखालून. माझ्याच आवाजात—

"न्हाई. कुणी न्हाई. सोड पा