राखाडी तक्त्याचा मान

चि. बुरुल, मुक्काम कोचकोर,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. प्लास्टरातला पाय कसा आहे? (घोड्यावरून पडली असतीस तर चार लोकांत सांगता आलं असतं, स्टुलावरून पडलीस.) माझ्या नातीच्या, एलनुराच्या लग्नाला तू मुकलीस, म्हणून चित्रण तरी खऱ्या रंगांत पाठवीन असा शब्द मी दिला होता. तो कसा पाळला ते वाच.

चित्रणवाले मिर्लान यांचे कॅमेरे तीन. नवरीचा पांढरा पोशाख एकात निळसर, दुसऱ्यात पिवळट, तिसऱ्यात गुलाबी. शिवाय म्हणतात, "आजी, नंतर संगणकावर जुळवू की." एकतीस वर्षं टीव्ही केंद्रात कॅमेरे जुळवलेल्या बाईला हे ऐकवतात. मी माझा तक्ता नेलाच होता (निवृत्तीला केंद्र घड्याळ देत होतं, मी हा मागून घेतला). पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत अकरा राखाडी पट्ट्या. त्यांत कुठलाही रंग दिसला की कॅमेरा खोटं बोलतोय.

तो छातीशी धरून मी दालनाच्या मधोमध उभी राहिले. आता, आपल्याकडे लग्नात म्हातारं माणूस कॅमेऱ्यासमोर उभं राहतं ते शुभेच्छा द्यायलाच. सूत्रसंचालकाने माझ्या तोंडाशी माईक धरला, तेव्हा मी मिर्लानना सांगत होते, "हलू नका, घाई करू नका, उजेड सगळीकडे सारखा पडू द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्याह्यांनी डोळे पुसले, माझ्या हातातला तक्ता घेतला, छातीशी धरला आणि बोलू लागले. मग वयाप्रमाणे रांगच लागली. तक्ता हाती आल्याशिवाय कोणी तोंड उघडेना. दोन तास. ताटांतलं बेशबारमाक गार झालं, पण तेवढ्या वेळात मिर्लानना तिन्ही कॅमेरे जुळवावेच लागले. पोशाख पांढराशुभ्र आलाय. चित्रण सोबत आहे.

तुझी,
सायराकान

ता. क. तक्ता मात्र घरी आला नाही. नवऱ्या मुलाची आत्या कान्यशाय तो पाहुण्यांना घरी द्यायच्या मटणाच्या पुडीबरोबर शुभवस्तू म्हणून घेऊन गेली. ती तुझ्याच गल्लीत राहते. कुबड्या घे, जा आणि घेऊन ये. (पत्र खरं तर यासाठीच लिहिलं.)

ता. क. दुसरा. आत्ताच तिचा फोन आला. शरदात तिच्या मुलाचं लग्न आहे. म्हणाली, "ताई, तक्ता धरायला तुम्हीच हव्यात. कॅमेरे चार लावतो." तेव्हा राहू दे तिथेच, फक्त उन्हात टांगला असेल तर काढायला सांग. माझं अंथरूण तयार ठेव. या वेळी रांगेत पहिली तू. प्लास्टर निघालं नसेल तर तसंच ये, पांढऱ्या रंगासाठी उपयोगी पडेल.