झोपेचं कलम

३ मार्च

कलम मान्य! कंपनीने पगारवाढ दिली, बदल्यात आम्ही, पायलटांच्या युनियनने, एकच गोष्ट सोडली. "मी थकलोय, आज विमान उडवणार नाही," असं कुठल्याही पायलटने यापुढे परस्पर कळवायचं नाही. आधी युनियनच्या समितीला विचारायचं. समितीत अध्यक्ष आणि मी. अध्यक्ष खुशीत — "प्रत्येकाने वेगळं बोलण्यापेक्षा आपण एका तोंडाने बोलू!" मला पटलं. सभासदांचं मतदान व्हायचंय, पण पाळायचं आजपासूनच.

हॉटेलची खिडकी उघडत नाही. काचेपलीकडे संध्याकाळ सावकाश विरघळतेय. हे कुठलं शहर, क्षणभर आठवेना. छान वाटलं.

५ मार्च

धाकटीचा फोन. सख्खी बहीण, माझ्याच कंपनीत को-पायलट, आणि माझ्याशी भांडण्यात पहिल्यापासून पटाईत.

"ताई, माझे डोळे मिटतायत की नाही, हे तू कोण ठरवणार?"

म्हटलं, मी नाही गं, समिती.

"म्हणजे तूच ना!"

फोन आपटला. आईचे कान भरले असणार. दुपारी आईनेही माझ्याशी अबोला धरला.

९ मार्च

ढगांवरून जाताना हल्ली वाटतं, खाली काही नाहीच. घर नाही, करार नाही, धुसफुसणारे सभासद नाहीत. नुसती पांढरी गादी पसरलेली. हातातली कॉफी कधी गार झाली कळत नाही.

११ मार्च

धाकटीने समितीकडे अर्ज केलाय. रोज पहाटेची उड्डाणं, झोप होत नाही, उद्या जमणार नाही. अध्यक्ष म्हणाले, "पहिली सूट तुमच्याच बहिणीला? लोक तोंडात शेण घालतील आपल्या!" खरंच होतं ते. नाकारला.

वाईट वाटतंय. खूप.

१२ मार्च

आणि आज उड्डाण नेमकं तिचं नि माझं! तिच्या डोळ्यांखाली काळं. कॉकपिटमध्ये ती मला कॅप्टन म्हणते. कामापुरतं तेवढंच बोलली. आत ऊन भरलं होतं. खाली समुद्र होता बहुतेक. अंगणात आई माझे केस विंचरतेय, कंगवा पाण्यात बुडवतेय, पाणी निळं, त्यात आणखी एक अंगण —

"ताई."

डोळे उघडले. किती वेळ गेला होता कोण जाणे! काही न सांगता, बसल्याबसल्या झोपले होते मी. धाकटी ताठ बसलेली. एका हाताची नखं मांडीत रुतवून जागी. "खाली उतरायचंय आता," म्हणाली.

उतरल्यावर टोपी घालताना हळूच पुटपुटली, "मी कुणाला सांगणार नाही. घाबरू नकोस."

घरी येऊन पोटभर रडले.

१४ मार्च

आज कलमावर मतदान. सुरू व्हायच्या आधी सगळ्या सभासदांना माझ्या नावानिशी कळवून टाकलं — परवा विमान उडवताना मला झोप लागली. समितीची परवानगी न घेता.