टिकलीतलं छिद्र

नायगाव, मंगळवार

सौ. आशालता हिस आशीर्वाद.

मी बरा आहे, गोळ्या वेळेवर घेतो. फोनवर बोललं की पलीकडच्या खोलीत सुरुचीला ऐकू जातं, म्हणून लिहितो.

आपली पोर यंत्रांच्या आतले विजेचे बोर्ड आखते. एकेक बोर्ड चार थरांचा, आणि वीज एका थरातून दुसऱ्यात जायला केसाएवढी छिद्रं. काल तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं, जिथे सुटा भाग झाळायचा त्या तांब्याच्या टिकलीच्या मधोमधच तिने छिद्र ठेवलंय. मी चाळीस वर्षं घागरी झाळल्या. खाली भोक उघडं असलं की वितळलेलं कथील त्यातून उतरतं आणि जोड कच्चा राहतो.

मागच्या बोर्डांचे जोड सुटले तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. हा नवा आज संध्याकाळी कारखान्याला जाणार. पण चौथी शिकलेल्या बापाने इंजिनियर मुलीला काय सांगावं? "बाबा, तुम्ही पडा जरा," म्हणेल. दिवसभरात माझ्याशी तेवढंच बोलणं होतं.

तुला विचारायला बसलो खरा, पण तुझं उत्तर येईतो बोर्ड गेलेला असेल. तेव्हा इथेच थांबतो आणि चहा घेऊन तिच्या दाराशी जातो.

गुडघ्याला तेल लावतेस ना?

सुरुचीचे बाबा