गोलच्या मागचे रुखवत

१२ जानेवारी, रविवार

आज मी अबुबकरवर हसले. सगळ्या गॅलरीबरोबर, तोंड उघडून हसले. हे कोणाला सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

संभाजीनगरशी सामना, आपल्याच मैदानावर. ऐंशीव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग त्यांच्या एकाने लांबून साधा फटका मारला — शाळेतल्या पोरीनेही अडवावा असा. आमचा गोलकीपर अबुबकर खाली बसला, दोन्ही हात लावले, आणि चेंडू पोटाखालून निघून जाळ्यात! मग माझ्या मागून काकासाहेब ओरडले, "आहेर केला! सासरच्यांना आहेर केला!"

अबुबकरची मंगनी नोव्हेंबरात संभाजीनगरच्या मुलीशी झाली. मी स्वतः गेले होते. नसरीन नाव. बी.एस्सी. झालेली, समोर बघून बोलणारी. मला आवडली.

गॅलरी फुटली. "जावईबापू! ओ जावईबापू!" आणि मीही त्यात. पडलेल्यावर हसायचे नाही, हे छत्तीस वर्षे मुलांना शिकवले. अबुबकरलाही मीच शिकवले, पाचवी ते दहावी. तो आमच्याच बाजूच्या गोलमध्ये होता. वळला, वर पाहिले. मी अजून हसत होते.

१३ जानेवारी

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून एकच विषय. कोणी अबुबकरच्या फोटोला मुंडावळ्या बांधल्या, कोणी लग्नपत्रिका छापली — "आमच्या येथे गोल करून घेण्याचे योजिले आहे." मी लिहिले, "पुरे." अर्ध्या तासाने पुन्हा सुरू.

काकासाहेबांना फोन केला. ते आमच्या शिलेदार टीमच्या समर्थक मंडळाचे अध्यक्ष, मी सचिव. बियाण्याचे दुकान सांभाळून तीन वर्षांत एक सामना चुकवला नाही त्यांनी, तेवढे मान्य करते.

"मॅडम, गम्मत हाय हो. आपलं पोरगं हाय म्हणून तर बोलायलोत. परक्याला कोण जावईबापू म्हनतंय?"

मी फोन ठेवला.

१४ जानेवारी

संक्रांत. काकासाहेब तिळगूळ घेऊन आले. "गोड बोला," म्हणाले. मी म्हटले, "आधी तुम्ही."

१९ जानेवारी, रविवार

बाहेरगावचा सामना, दोन-शून्यने हरलो. चहाच्या टपरीवर मोबाइलवर पाहिला. टपरीवर दोघे जण संभाजीनगरचा पिवळा टी-शर्ट घालून उभे! दोघेही अंबड रोडचे, मी ओळखते. मी विचारले, हे काय. "मॅडम, जी जिंकल ती आपली." शेजारच्याने सांगितले की आज इथून तीन गाड्या भरून संभाजीनगरला त्यांचा सामना बघायला गेल्या.

एक्याऐंशीला जिल्हा त्यांच्यापासून वेगळा झाला तेव्हा याच लोकांच्या बापांनी पेढे वाटले होते. मी तिकडेच कॉलेजात होते. तिथल्या मुली मला विचारत, जालन्यात काय आहे ग? मला उत्तर द्यायला चाळीस वर्षे लागली. टीम आली तेव्हा वाटले, हे आहे.

पहिल्या वर्षी पोळ्याला बैलांची शिंगे शिलेदारांच्या निळ्या रंगाने रंगली होती. टीममध्ये तेव्हा आठ पोरे इथली होती. दुसऱ्या वर्षी तीन राहिली — बाकी गोवा, मणिपूर, केरळ. जिंकत होतो, म्हणून कोणी विचारले नाही. मीही नाही. यंदा इथला एकटा अबुबकर. हरतो आहोत. बाहेरच्यांची नावे धड उच्चारता येत नाहीत, त्यांना शिव्या कशा द्यायच्या? ज्याचे घर माहीत आहे त्यालाच देता येतात.

२४ जानेवारी, शुक्रवार

राधेश्यामजी घरी आले. क्लबचे मॅनेजर. चप्पल दारात नीट लावून ठेवणारा माणूस, उगाच येत नाही.

"मॅडमजी, तुमचे पासचे रजिस्टर पाहिजे. तिन्ही वर्षांचे."

कशाला, ते त्यांनी सरळ सांगितले. मालकांना टीम कोल्हापूरला न्यायची आहे. तिकडे लोक फुटबॉलसाठी उपाशी राहतील, असे म्हणाले. पण मैदानाच्या करारात पाच वर्षे टीम हलवता येत नाही, असे कलम आहे. सुटका एकच — निम्म्याहून जास्त लोक फुकट बसतात, हे सिद्ध करायचे. मैदानवाले म्हणतात, गॅलरी तर भरलेली असते. क्लबकडे काही नोंद नाही, गेटवर पास फाडून टाकतात. नोंद फक्त माझ्याकडे.

खरे आहे. उत्तर गॅलरीचे तीनशे पास, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रेक्षक, माझ्या हातून जातात. तिकीट काढणे इथे कमीपणाचे — "मॅडम, आपल्याच टीमला तिकीट? मंग घरच्या लग्नातबी तिकीट काढाव का?" मोठमोठी माणसे, तीन मजली घरे असलेली, पाससाठी माझ्या ओट्यावर बसतात. मी प्रत्येकाची सही घेते. शेवटच्या शिटीआधी उठून गेलेल्याला पुढचा पास देत नाही. मला वाटत होते, मी निष्ठा मोजते आहे!

"गाव टीमवर प्रेम करते," मी म्हटले.

"करते ना. फुकट करते."

रजिस्टर देणार नाही, असे सांगून त्यांना वाटेला लावले. चहा मात्र दिला.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर मंडळाची बैठक. राधेश्यामजींचे मी सगळे सांगितले. एकदम माझा सत्कारच! शाल, नारळ. काकासाहेब म्हणाले, "मॅडमनी टीम राखली." कोणी म्हणाले, रजिस्टर जाळून टाका. मी म्हटले, मी लिहिलेले जाळत नाही. देणारही नाही. कपाटात कुलूप लावून ठेवीन. पण एक अट — अबुबकरची चेष्टा आजपासून बंद. जावई, आहेर, सासर, एक शब्द नाही.

"बिलकुल न्हाई!"

"शब्द द्या."

चाळीस हात वर झाले. बेबीनंदाने तर दोन्ही केले. बायकांच्या बाजूची पुढारी ती. बचत गट चालवते, आवाज खणखणीत.

२ फेब्रुवारी, रविवार

शून्य-शून्य. कोणी काही ओरडले नाही. शब्द पाळला.

६ फेब्रुवारी

हसीना आली होती. अबुबकरची आई. खुर्चीवर बसली नाही, दारातच उभी.

"मॅडम, लडकी के अब्बा का फोन आया. वीडियो देखे उनो. बोले, तुमारे गाँव के लोगाँ मेरी बेटी के नाम पे हँसरे. ईद के बाद की तारीख थी, अब बोलरे, सोचेंगे."

"मी मंडळाला ताकीद दिली आहे. आता कोणी बोलत नाही."

"आप बोले तो होइच जाएगा, मॅडम." मग जाता जाता, "बच्चा खाना नै खाता."

त्या व्हिडिओत मीही दिसते का, हे विचारायचे धाडस झाले नाही.

१४ फेब्रुवारी

परवा चषकाचा सामना, पुन्हा संभाजीनगर, पुन्हा आपल्याकडे. बेबीनंदा बारा जास्तीचे पास घेऊन गेली. "बचत गटाच्या बायका म्हणून राह्यल्या, आमालाबी येऊ द्या. गोलच्या मागं बसतो मॅडम, कोपऱ्यात." मला बरे वाटले. बाराही जणींच्या नावाने सही घेतली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज झाले ते क्रमाने, नीट लिहिते.

दुसऱ्या अर्ध्यात अबुबकर आमच्या बाजूच्या गोलमध्ये आला. तेवढ्यात बेबीनंदाच्या बायका उठल्या आणि जाळ्यामागच्या कठड्यावर पांढरा कपडा अंथरला. त्यावर एकेक वस्तू मांडू लागल्या. रुखवत! लग्नात मुलीकडचे मांडतात तसे. सालीच्या मुगडाळीचे हिरवे मैदान. शेवयांचे जाळे. लिंबाएवढे तिळाचे लाडू, त्यांवर काळ्या तिळांचे आणि खसखशीचे ठिपके, चेंडूसारखे. मध्ये कापडाची बाहुली, निळे हातमोजे, दोन्ही हात पोटावर. आणि पाटी — "जावईबापूंस सप्रेम."

चार दिवसांचे काम होते. सांगायला लाज वाटते, पण काम सुंदर होते. अशी बारीक शिलाई मला कधी जमली नाही.

मी खाली धावले. बेबीनंदा म्हणाली, "मॅडम, आम्ही कुठं काय बोललो? तोंडातून एक शब्द न्हाई काढला! तुम्ही बोलायची बंदी केल्ती." बायका फिदीफिदी हसल्या. शब्द पाळला होता त्यांनी!

मी कपडा ओढला. काकासाहेबांनी मागून माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या मॅडम, पोरींनी हौसेनं केलंय." तीन वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

अबुबकरने एकदाच पाहिले. मग पाठ फिरवली.

पंच्याऐंशीव्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली. आपण एक-शून्यने पुढे. अबुबकरच्या मागे कठड्यावरचा कपडा फडफडत होता. तो डावीकडे झेपावला आणि चेंडू एका हाताने बाहेर काढला. इतके सुंदर मी इथे काही पाहिलेले नाही.

जिंकलो. लोक मैदानात घुसले, त्याला खांद्यावर घेतले, आणि घेऊन गेले कुठे — रुखवतापाशी! "जावईबापू की जय!" बेबीनंदाने लाडू उचलून त्याच्या तोंडाला लावला. पन्नास मोबाइल वर. "खा, बाबा, खा! आता रुसू नको!" लाडू तोंडापाशी तसाच. तो खाईपर्यंत कोणी त्याला खाली उतरवेना.

त्याने खाल्ला.

रात्री काकासाहेबांचा फोन. "बघा मॅडम, मिटलं ना? त्यानं खाल्ला की! राग असता तर खाल्ला असता का?"

त्यांना खरेच कळलेले नाही. कळून केले असते तर मी भांडले तरी असते.

१७ फेब्रुवारी

तो व्हिडिओ सकाळपर्यंत संभाजीनगरला पोचला. दुपारी नसरीनच्या घरून निरोप आला. मुलगी तयार आहे, वडील नाहीत. ज्या गावात जावयाला तमाशासारखे नाचवतात, त्या गावात मुलगी देणार नाहीत. दुसरीकडे कुठे राहत असाल तर बोला, म्हणाले.

हे अबुबकरने येऊन सांगितले, माझ्या ओट्यावर बसून.

"मग सोड ही टीम."

"करार आहे, मॅडम. अजून दोन वर्षं. टीम जिथं, तिथं मी." नखाने फरशी खरडत होता, सातवीत खरडायचा तशीच. "कोल्हापूरला गेली असती तर अम्मीला घेऊन गेलो असतो. पण काकासाहेब सांगून राह्यले, न्हाई जात आता. मॅडमनी राखली."

मी म्हटले, "पहिल्या दिवशी मीही हसले होते."

"माहीत आहे."

"मग आलास कशाला?"

"मी वर पाहिलं तेव्हा तुम्ही हसायच्या थांबल्या होत्या, मॅडम. बाकीचे थांबले न्हाईत."

मी थांबले नव्हते. त्याने लगेच तोंड फिरवले, म्हणून पुढचे हसणे त्याला दिसले नाही. मी ते दुरुस्त केले नाही. छत्तीस वर्षे चुका दुरुस्त केल्या, ही तशीच सोडली.

त्याने माझ्याकडे काही मागितले नाही. मागितले असते तर नाही म्हणता आले असते.

१८ फेब्रुवारी

काकासाहेब पुढच्या सामन्याचे पास न्यायला आले. साठ जास्तीचे हवेत. "लोक परत यायलेत मॅडम! पिवळे टी-शर्ट फेकून राह्यले. त्या लाडवानं जादू केली. पुढच्या येळी रुखवत अजून मोठं करू, बेबीनंदानं यादीबी काढली."

मी विचारले, "आणि पोराचे लग्न मोडते आहे ते?"

खरोखर वाईट वाटले त्यांना, तोंडावर दिसले. मग म्हणाले, "आपल्यात काय पोरी कमी हाईत का? म्हंजे — त्यांच्यात. आपण बघू की इथलीच."

साठ पास मोजून दिले. सह्या घेतल्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी अकरा वाजता क्लबच्या कार्यालयात राधेश्यामजींना समक्ष दिली: उत्तर गॅलरीची पास-रजिस्टरे, तीन. सामने एकेचाळीस. सह्या अकरा हजार आठशे सहा. पहिल्या पानावर पहिली सही माझी, ती खोडलेली नाही. कोणाच्या दबावाखाली दिलेली नाहीत, असे माझ्या हाताने लिहून दिले. पोच घेतली.